किल्ट तोच, गडबड जोडीत : या चुका टाळा

स्कॉटलंडमध्ये एकच किल्ट, म्हणजे पुरुषांचा चुण्यांचा लोकरी घागरा, डोंगर चढायला चालतो आणि रात्रीच्या मेजवानीलाही. प्रसंगाचा मान राखतात ते सोबतचं जाकीट, मोजे, बूट आणि पुढे लटकणारा बटवा, म्हणजे स्पोरन. एडिनबर्ग-ग्लासगोला लग्नाचं बोलावणं आलं की बरेच जण पोशाख भाड्याने आणतात आणि मिळेल ते सगळं अंगावर चढवतात. तिथेच फसगत होते.

कमरेखाली बांधणं. जीन्सच्या सवयीने किल्ट खाली बांधला की कड पोटरीकडे घसरते. तो बेंबीच्या उंचीवर बांधायचा, कड गुडघ्याच्या वाटीपाशी. पँटचा नंबर सांगू नका, टेपने बेंबीपाशी माप घ्या. फार आखूडही नको. १८२२ साली एडिनबर्गला आलेल्या चौथ्या जॉर्ज राजाने आखूड किल्टखाली गुलाबी तंग विजार घातली आणि व्यंगचित्रकारांचं फावलं. चुण्या मागे, सपाट भाग पुढे, मोकळी कड उजवीकडे. पूर्ण किल्टला आठ वार कापड लागतं, म्हणजे नऊवारीला वारभरच कमी. बसताना मागून हात फिरवून चुण्या सारख्या करा.

भरदुपारी प्रिन्स चार्ली. रेशमी कॉलरचं, तीन बटणांच्या वेस्टकोटसोबतचं हे आखूड जाकीट संध्याकाळचं, काळ्या बो टायचं. दुपारच्या लग्नाला अर्गाइल, म्हणजे दिवसाचं साधं जाकीट, आणि लांब टाय शोभतो. भाड्याच्या दुकानांमुळे हल्ली प्रिन्स चार्ली दिवसाही सर्रास दिसतं. कुणी हटकणार नाही, पण जाणत्याला खटकतं. एकच जाकीट विकत घ्यायचं असेल तर माझं मत अर्गाइललाच. बो टाय लावला की तेच रात्रीही निभावतं. वेस्टकोट असेल तेव्हा पट्टा काढून ठेवा, नाहीतर बक्कल पोटावर उठून दिसतं.

स्पोरन चुकीचा, तोही खाली. फर आणि चांदीच्या पट्टीचा स्पोरन रात्रीचा. ट्वीडच्या जाकिटाबरोबर तो विनोदी दिसतो. तिथे साधा चामड्याचा लावा. बक्कलपासून साधारण हाताच्या पंजाएवढं अंतर ठेवा. त्याहून खाली असेल तर चालताना तो मांड्यांवर आपटत राहतो.

किल्टच्या पिनेची चूक छोटी, पण महाग. पुढे एकमेकांवर येणाऱ्या दोन पदरांपैकी ती फक्त वरच्या पदराला टोचायची. दोन्ही पदर एकत्र शिवल्यासारखे टोचले की बसताउठता कापड ताणतं आणि फाटतं.

पायांकडे मात्र सगळ्यांचं लक्ष जातं. मोजे गुडघ्याखाली तीनेक बोटांवर दुमडा. फ्लॅशेस, म्हणजे मोज्यांच्या दुमडीखाली लोंबणाऱ्या रंगीत पट्ट्या, पायाच्या बाहेरच्या बाजूला. गिली ब्रोग बुटांना जीभ नसते. लांब नाड्यांना पीळ देऊन त्या घोट्याच्या जरा वर बांधायच्या. पार पोटरीपर्यंत गुंडाळल्या तर मोज्यांवर वळ उठतात आणि नाड्या सुटून पायात येतात. फुटबॉल किंवा रग्बीच्या सामन्याला हे सोपस्कार नकोतच. जर्सी, जाड बूट, खाली ढकललेले मोजे आणि चामड्याचा स्पोरन पुरे.

मोज्यातला छोटा सुरा, स्गियन डू, उजव्या हाताने काम करणाऱ्याने उजव्या मोज्यात खोचायचा, फक्त मूठ दिसेल इतका. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून स्कॉटलंडमध्ये त्याला कायद्याची मुभा आहे, विमानतळावर नाही. परतीच्या प्रवासात तो चेक-इनच्या बॅगेत टाका.