लहान जिल्हा परिषद शाळेचा गुणवत्ता तक्ता कसा करावा

आधी युडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, लिहा. 11 अंकांतले पहिले दोन, 27, महाराष्ट्राचे; पुढचे दोन, 30, सोलापूर जिल्ह्याचे. नुसत्या नावावर जाल तर गावातली शाळा आणि वस्तीवरची शाळा यांची गल्लत होईल.

पट, म्हणजे दाखल मुलांची संख्या, दोनदा घ्या, 30 सप्टेंबरचा आणि फेब्रुवारीचा. गाळप सुरू झालं की ऊसतोडणी कामगारांची मुलं येतात, हंगाम संपला की जातात. एकाच पटावर वर्षाची हजेरी काढली तर ती चुकतेच. 60 पटापर्यंत शिक्षक सहसा दोनच. चार वर्ग आणि मुख्याध्यापकाचा पदभारही त्यांतल्याच एकाकडे, हे तक्त्यात वरच दिसू द्या.

निकाल टक्क्यांत लिहूच नका. तिसरीत 8 मुलं असतील तर एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. ते आजारी पडलं की शाळा ‘घसरते’. ‘8 पैकी 6’ असं लिहा आणि त्याच मुलांची पहिलीपासूनची नोंद शेजारी ठेवा. श्रेणी वाचतानाही जपून. पहिली-दुसरीत आकारिकला (वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाला) 70 आणि संकलितला (सत्राच्या शेवटच्या परीक्षेला) 30 गुण, तिसरी-चौथीत 60-40. तिसरीत श्रेणी उतरली म्हणजे मूल मागे पडलंच असं नाही.

खरं काय ते समोर बसवून वाचून घेतल्यावर कळतं. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानाचं तिसरीचं उद्दिष्ट मिनिटाला किमान 60 शब्द अर्थासह वाचणं आणि 9999 पर्यंतच्या संख्या. उतारा पाठ्यपुस्तकातला नको, तो मुलांना पाठ असतो. साधारण 80 शब्दांचा नवा उतारा द्या, घड्याळ लावा, चुकलेल्या शब्दाखाली रेघ मारा, शेवटी दोन प्रश्न विचारा. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे घरात कन्नड बोलणारं मूल मराठी शाळेत असेल तर उत्तर कन्नडमध्येही चालेल. नाहीतर वाचन कच्चं की मराठी नवी, हे समजत नाही.

संख्या सांगून लिहून घ्या: ‘दोन हजार पाच’ला 20005 आलं तर स्थानिक किंमत कच्ची; ‘एकोणसत्तर’ला 79 आलं तर संख्यानामांचा गोंधळ. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून चुकलेलं उत्तर जसंच्या तसं नोंदवा.

शिष्यवृत्ती परीक्षा पाचवीत असायची; ती चौथीत आणायचं 2025 मध्ये ठरलं. परीक्षा ज्या वर्गाला आहे तो वर्गच शाळेत नसेल तर त्या रकान्यात ‘लागू नाही’ लिहा, शून्य नव्हे. तो वर्ग असेल तर पटावर किती, परीक्षेला बसले किती आणि पात्र किती, असे तीन आकडे द्या.