चाचणीची पेटी सगळ्यात शेवटी उघडा

‘पोरगं लई मागं आहे, आयक्यू काढून द्या,’ असा निरोप शाळेतल्या मानसशास्त्रज्ञाला, म्हणजे तुम्हाला, वर्गशिक्षकांकडून आला, तरी लगेच बुद्धिचाचणी लावू नका. आधी पालकांची लेखी संमती घ्या आणि मुलाचे डोळे-कान तपासून आणायला सांगा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात दोन्ही होतं. ज्याला फळाच धूसर दिसतो, त्याच्या गुणांवरून बुद्धी ठरवता येत नाही.

मग हजेरीपट उघडा. ऊसतोडीला बीडकडून आलेल्या कुटुंबांतली मुलं गळीत हंगामभर शाळेत अनियमित असतात. तिसरीतल्या अशा मुलाला जोडाक्षरं येत नसतील, तर बहुतेक ती त्याला कुणी शिकवलेलीच नसतात. दोन-तीन महिने नेमानं शिकवून बघा. त्यानंतरही गाडी तिथंच अडली, तर अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचणं-लिहिणं किंवा गणित अडण्याचा, विचार करा.

घरची भाषा विचाराच. गडहिंग्लज, शिरोळकडे कित्येक घरांत कन्नड बोलतात. अशा मुलाला नुसती शाब्दिक चाचणी देणं अन्याय आहे. सोबत रेवनची रंगीत आकृत्यांची चाचणी घ्या: 12-12 आकृत्यांचे तीन संच, एकूण 36, आणि भाषेची गरज जवळजवळ नाही. बिने-कामत ही बुद्धिचाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठीच बेतलेली आहे, पण तिचे निकष फार जुने. एकट्या तिच्या आकड्यावर विसंबू नका.

सगळ्यात जास्त कळतं ते वहीतून. दहा ओळींचं श्रुतलेखन घ्या आणि चुका वेगळ्या काढा. ‘घर’चं ‘धर’, ‘भात’चं ‘मात’ म्हणजे सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची गल्लत. ‘पाऊस’चं ‘पऊस’ म्हणजे काना सुटला. पण ‘पाणी’चं ‘पानी’ लिहिलं, तर आधी घरी काय बोलतात ते ऐका. मूल कानावर पडतं तेच लिहितंय. ती बोलीची खूण आहे, दोष म्हणून मोजू नका.

चाचणी सकाळी, पोटात न्याहारी असताना, खेळाचा तास न बुडवता घ्या. आई खोलीबाहेर. वय वर्ष, महिने, दिवस असं काढा आणि जन्मतारीख 1 जून दिसली, की जन्मदाखला मागा. शाळेत नाव घालताना ही तारीख सर्रास लावली जायची. वय काही महिन्यांनी चुकलं, की गुण भलत्याच वयोगटाच्या तक्त्यात बघितले जातात. मुलानं ऐकून परत म्हणायची अंकमालिका सेकंदाला एक अंक या गतीनं वाचा. मूल अडखळलं, म्हणून तीच मालिका पुन्हा वाचायची नसते. इथं दया आली, की गुण फुगतात आणि खरी अडचण झाकली जाते.

बुद्ध्यांक (आयक्यू) 88 आला, तर नुसता 88 लिहू नका; कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा लिहा. अपंगत्व ठरवण्याच्या केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक तत्त्वांत बुद्ध्यांक 85 च्या वर असेल, तरच निमहान्सच्या (बेंगळुरूची मानसिक आरोग्य संस्था) अध्ययन अक्षमता चाचण्या घ्यायच्या आणि अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच, असा क्रम दिला होता. प्रमाणपत्र शाळेतला मानसशास्त्रज्ञ देत नाही, ते शासनाचं वैद्यकीय मंडळ देतं. हे पालकांना पहिल्याच भेटीत सांगा.

अहवालाचं शेवटचं पान वर्गशिक्षकांसाठी, साध्या मराठीत: मूल कुठं बसवायचं, प्रश्न कुणी वाचून दाखवायचा, किती जादा वेळ द्यायचा आणि परत कधी बघायचं, ती तारीख.