लोकप्रिय कादंबऱ्या आणि युद्धाचे मोबाइल गेम: अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांत पीएचडीचा अर्ज कसा बांधावा

इंग्रजी घेऊन एमए करणाऱ्या बऱ्याच जणांना मनापासून आवडतात अमेरिकेतल्या लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) लेखिकांच्या भरपूर खपणाऱ्या कादंबऱ्या, नाहीतर फोनवरचे युद्धाचे गेम. अर्ज भरायची वेळ आली की मात्र ते ही आवड दडवतात आणि एखादा ‘भारदस्त’ विषय पुढे करतात. तसं करू नका. येल, स्टॅनफर्ड, कोलंबिया अशा विद्यापीठांत इंग्रजी, अमेरिकन स्टडीज किंवा फिल्म अँड मीडिया या विभागांत लोकप्रिय संस्कृतीवर गंभीर काम चालतं. निवड समितीला खटकतो तो मोघम प्रश्न.

‘मला युद्धाच्या गेमवर काम करायचंय’ ही झाली आवड. तिचा प्रश्न कसा होतो ते एका उदाहरणात पाहा. ‘लैला अँड द शॅडोज ऑफ वॉर’ हा 2016 चा छोटा मोबाइल गेम पॅलेस्टिनी निर्माता रशीद अबुएदेह यांचा. त्याला पार्श्वभूमी 2014 च्या गाझा युद्धाची. अॅपलने तो आधी ‘गेम’ या वर्गात घ्यायला नकार दिला, बातम्या किंवा संदर्भ या वर्गात टाका असं सुचवलं. आरडाओरडा झाल्यावर निर्णय फिरवला. दुसरीकडे बोस्नियातल्या सारायेव्हो शहराच्या वेढ्यावरून सुचलेला ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा गेम 2020 मध्ये पोलंडच्या सरकारने शाळांच्या पूरक वाचनयादीत घातला. एका खेळाला दुकानदार खेळ मानायला तयार नाही, दुसऱ्याला सरकार पाठ्यसाहित्याचा मान देतं. युद्धाबद्दलचा कोणता गेम ‘गंभीर’ ठरतो आणि ते कोण ठरवतं, हा प्रश्न इथून निघतो. त्यासाठी काय तपासायचं हेही लगेच दिसतं: स्टोअरचे नियम, त्या वेळच्या बातम्या आणि खुद्द गेमची रचना.

कादंबऱ्यांचंही तसंच. सँड्रा सिस्नेरोस यांचं ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ 1984 मध्ये ह्यूस्टनच्या आर्ते पुब्लिको या छोट्या प्रकाशनाने काढलं, 1991 मध्ये ते व्हिंटेज या मोठ्या प्रकाशनाच्या पेपरबॅकमध्ये आलं. अलिसा वाल्देस-रोद्रिगेझ यांची ‘द डर्टी गर्ल्स सोशल क्लब’ ही सहा मैत्रिणींची कादंबरी 2003 मध्ये थेट सेंट मार्टिन्ससारख्या मोठ्या प्रकाशनाकडून आली. या दोन वाटांची तुलना करायची तर ‘अस्मिता’, ‘संघर्ष’ असे शब्द बाजूला ठेवा आणि पान उघडा. स्पॅनिश शब्द तिरक्या ठशात आहेत का? त्यांचा अर्थ पुढच्याच वाक्यात उलगडून सांगितलाय का? मलपृष्ठावरचा मजकूर नेमका कोणत्या वाचकाशी बोलतोय? वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी ठेवून या तीन गोष्टी नोंदवल्या तरी चार पानांचा ऐवज हाती लागतो.

अर्जात सगळ्यात जास्त वजन असतं लेखन-नमुन्याला (रायटिंग सॅम्पल). बहुतेक विभाग दुहेरी अंतराची 15 ते 25 पानं मागतात. आपल्याकडे एमएच्या प्रबंधातलं एक प्रकरण उचलून जसंच्या तसं जोडलं जातं आणि तिथेच घात होतो: पहिली सहा पानं सिद्धांतकारांची नावं, पुढची पाच कथानकाचा सारांश, स्वतःचं म्हणणं शेवटच्या दोन पानांत. ते उलटं करा. दुसऱ्या पानाच्या आत तुमचा मुद्दा आला पाहिजे. कथानकाला एक परिच्छेद पुरे. सिद्धांत लागेल तिथेच आणा, आणि ज्याचं मूळ पुस्तक वाचलंय त्याचाच.

गेमवर लिहिताना पुरावा जपणं हे वेगळंच काम आहे. पुस्तकाची आवृत्ती कपाटात राहते. गेम अपडेट झाला की कालचा पडदा आज दिसत नाही. पबजी मोबाइलवर सप्टेंबर 2020 मध्ये भारतात बंदी आली, जुलै 2021 मध्ये बीजीएमआय हा त्याचा भारतीय अवतार आला, जुलै 2022 मध्ये तोही स्टोअरवरून उतरवला गेला आणि 2023 मध्ये परतला. भारतासाठीच्या आवृत्तीत सुरुवातीला रक्ताचा रंग हिरवा होता. अशा बदलांवर लिहायचं तर प्रत्येक वेळी खेळताना अॅपचा आवृत्ती क्रमांक, फोनचं मॉडेल, तारीख आणि डाउनलोड कोणत्या देशाच्या स्टोअरवरून केलं ते टिपून ठेवा. स्क्रीन रेकॉर्डिंग करा, फाइलच्या नावातच आवृत्ती आणि तारीख घाला, आणि लेखात मिनिट-सेकंदासह संदर्भ द्या. वर्णन क्रियेचं करा. ‘धिस वॉर ऑफ माइन’मध्ये दिवसा घर सांभाळायचं आणि रात्री एकाने सामान शोधायला बाहेर पडायचं, पाठपिशवीतले कप्पे मोजके, त्यामुळे औषध घ्यायचं की लाकूड हे ठरवावं लागतं. गेमचा सगळा युक्तिवाद त्या कप्प्यांत आहे. ‘खेळाडूला अपराधी वाटतं’ हे वाक्य त्या वर्णनानंतर आलं तरच टिकतं.

उद्देशपत्र (स्टेटमेंट ऑफ पर्पज) साधारण दोन पानांचं असतं. बालपणीच्या वाचनवेडाने सुरुवात नको. आधी प्रश्न, मग आजवर केलेलं काम, मग पुढे काय शोधायचंय आणि शेवटी हाच विभाग का. दोन-तीन प्राध्यापकांची नावं द्या, पण त्यांचं निदान एकेक पुस्तक किंवा लेख वाचून. ते निवृत्त झालेत का, दुसरीकडे गेलेत का, हे विभागाच्या पानावर आधी बघा.

शिफारसपत्रं तीन लागतात. विभागप्रमुखांचं पत्र म्हणजे जास्त वजन, हा समज इथे नुकसान करतो. ज्यांनी तुमचा प्रबंध तपासला त्यांचं पत्र घ्या. ऑक्टोबरच्या आत त्यांना लेखन-नमुना, उद्देशपत्राचा कच्चा मसुदा आणि मुदतींची यादी द्या. पत्र शक्यतो संस्थेच्या ईमेलवरून जावं. ‘मेहनती आणि नियमित’ यापलीकडे काही लिहायला त्यांच्या हाती तपशील हवा. आपल्याकडे इंग्रजीत 60 टक्के म्हणजे प्रथम वर्ग, हेही पत्रात यावं. तिकडच्या वाचकाला तो आकडा कमी वाटतो. स्वतः गुणांचं चारपैकी जीपीएमध्ये रूपांतर करू नका, अर्जात तसं स्पष्ट मागितलं नसेल तर जसे आहेत तसेच भरा. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज ऑगस्टमध्येच टाका.

भाषेकडे दुर्लक्ष चालत नाही. लॅटिना साहित्यावर काम करायचं आणि स्पॅनिश वाचता येत नाही, हे समितीच्या लगेच लक्षात येतं. दीड वर्ष आधी सुरुवात केली तर डेले या स्पॅनिशच्या परीक्षेची बी1 (मध्यम) पातळी गाठता येते. दिल्लीच्या इन्स्तितुतो सेर्वांतेस या स्पॅनिश भाषा-संस्थेचे वर्ग त्यासाठी आहेत.

जीआरई ही प्रवेशपरीक्षा बहुतेक इंग्रजी विभागांनी काढून टाकलीय. टोफेल किंवा आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षांतून इंग्रजी माध्यमाच्या पदवीमुळे कधी सूट मिळते, कधी नाही.

मुदती बहुधा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असतात. पूर्व किनाऱ्यावरची रात्री 11.59 म्हणजे आपली दुसऱ्या दिवशीची सकाळ 10.29. अर्जशुल्क बरेचदा 75 ते 125 डॉलर. माफी मिळू शकते, पण ती अर्ज पाठवण्याआधी मागावी लागते. सप्टेंबरमध्ये प्रत्येक विभागाचे प्रवेश खरंच सुरू आहेत का ते तपासा: 2025 मध्ये शिकागो विद्यापीठाने मानव्यविद्यांच्या अनेक विभागांतले पीएचडी प्रवेश थांबवले किंवा घटवले.

निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि निधीसह आलेला प्रस्ताव स्वीकारायला साधारण 15 एप्रिलपर्यंत वेळ असतो. सही करण्याआधी पत्रात चार गोष्टी शोधा: पाठ्यवृत्ती किती वर्षांची, उन्हाळ्याचे महिने धरलेत का, आरोग्य विमा कोण भरतं आणि शिकवण्याचं काम कितव्या वर्षापासून. काही लिहिलेलं नसेल तर विभागाच्या समन्वयकाला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या.