केमोसोबत इंटरफेरॉन सुरू होण्यापूर्वी घरात करावयाची तयारी

रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी प्रथिने वापरतात, त्यांपैकी इंटरफेरॉन किंवा इंटरल्यूकिन-२ केमोच्या, म्हणजे कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या, औषधांबरोबर द्यायचे ठरले असेल, तर हा उपचार नेमका कशासाठी, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात अशा जोड उपचाराने जास्त रुग्णांच्या गाठी लहान झाल्या, पण त्या प्रमाणात आयुष्य वाढल्याचे मोठ्या चाचण्यांत दिसले नाही आणि त्रास मात्र वाढला. ही बाजू घरातल्यांना ठाऊक असलीच पाहिजे.

सर्वांत जास्त लक्ष तापाकडे द्यावे. इंटरफेरॉनच्या इंजेक्शननंतर काही तासांत हुडहुडी भरून ताप येणे अपेक्षितच असते. परंतु केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फार उतरतात, आणि तेव्हाचा ताप जिवावर बेतू शकतो. कपाळाला हात लावून हे दोन ताप वेगळे ओळखता येत नाहीत. त्यातून पावसाळ्यात आपल्याकडे कोकणात लेप्टोचीही (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराची) भीती असते, म्हणून लावणीच्या दिवसांत रुग्णाने शेताच्या चिखलात अजिबात उतरू नये. उशाशी थर्मामीटर आणि एक वही ठेवावी, इंजेक्शनची वेळ व तापाचा आकडा तिच्यात लिहावा, आणि १००.४ अंश फॅरनहाइट दिसताच सकाळची वाट न पाहता रुग्णालयाला फोन करावा. रात्री कोणाची गाडी मिळेल, हे आधीच बोलून ठेवावे. गावातल्या डॉक्टरांनाही चालू औषधांची यादी द्यावी, कारण तापावर दिलेले स्टेरॉइड इंटरल्यूकिनचा परिणाम कमी करू शकते. प्रतिकारशक्तीचे काढे विचारल्याशिवाय देऊ नयेत, ते कितीही मायेने आणलेले असोत.

इंजेक्शन घरी ठेवायचे असल्यास ते २ ते ८ अंश सेल्सिअसला, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवावे. ते गोठता कामा नये. वादळात वीज दोन-दोन दिवस जाते, तेव्हा थर्मासची सोय हवी, आणि त्यातही कुपी बर्फाला थेट टेकू नये म्हणून ती कापडात गुंडाळावी.

परळच्या टाटा रुग्णालयात जायचे असल्यास रेल्वेच्या सवलतीचा दाखला आधीच घ्यावा; पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते, तेव्हा आदल्या दिवशीच पोहोचावे.

इंटरफेरॉनमुळे मनही खचू शकते. एरवी ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारणारा माणूस आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, उकड्या तांदळाची पेजही नको म्हणू लागला, तर तो केवळ दमला आहे असे धरून न चालता ते त्याच वहीत लिहावे आणि डॉक्टरांना लगेच कळवावे.