घरच्या रक्षणासाठी बंदुकीचा परवाना मागण्यापूर्वी

गोव्यातील सत्तरी तालुक्यात कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला एकटे घर असलेल्या माणसाला चोरा-दरोडेखोरांच्या भीतीने बंदूक घ्यावीशी वाटणे स्वाभाविक आहे. मात्र अर्जापूर्वी एक गोष्ट अवश्य करून पाहावी. बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी अर्जासोबत द्यावी लागते, म्हणून मध्यरात्री अंधारात उठून किल्ली शोधणे, कपाट उघडणे आणि काडतूस भरणे यांस किती वेळ लागेल, हे प्रत्यक्ष मोजावे. हल्लेखोर दारात असताना ती हाती येईल का, याचा अंदाज त्यावरून येतो. माझ्या मते बहुतेक घरांना भक्कम कडी, अंगणातला दिवा आणि 112 हा आपत्कालीन मदतीचा क्रमांकच अधिक उपयोगी पडतो. घरात कोणी नैराश्याने किंवा दारूने ग्रासलेले असेल, तर अर्ज करूच नये. हाताशी बंदूक असल्यास आत्महत्येचा धोका वाढतो, हे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे.

तरीही गरज पटली, तर आपल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. पोलीस चौकशीनंतर मिळणाऱ्या परवान्याची मुदत 5 वर्षांची असते, आणि निवडणुकीच्या काळात शस्त्र बहुधा पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. स्वसंरक्षणात आवश्यक तेवढ्याच बळाची मुभा कायदा देतो, त्यामुळे पाठ फिरवून पळणाऱ्यावर गोळी झाडणारा स्वतःच आरोपी ठरू शकतो.