वीटभट्टीवर अडकलेल्या कातकरी कुटुंबाची तक्रार कशी नोंदवावी

भिवंडी, शहापूर, मुरबाडच्या वाड्यांवरून दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं भट्टीवर जातात. पावसाळ्यात किराण्यासाठी, आजारपणासाठी घेतलेली उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, अंगावर असते. हिशेब मालकाच्या वहीत, आणि ती वही मजुराला वाचता येत नाही. इथेच वेठबिगारी सुरू होते.

आधी तोंडी माहिती कागदावर घ्या: उचल किती, कधी, कोणी दिली, हजार विटांमागे ठरलेला दर, आठवड्याची खर्ची (खर्चापुरते पैसे), गावी जाऊ दिलं का, मारहाण, शिवीगाळ, नेमके शब्द.

मग दोन अर्ज. एक प्रांताधिकाऱ्यांकडे, 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली मुक्तता प्रमाणपत्रासाठी. पोच घ्याच. कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते, मजुरावर नाही. सुनावणीत हे ठामपणे सांगा.

दुसरा पोलीस ठाण्यात, अॅट्रॉसिटी कायद्याखाली. आदिवासीला वेठीला धरणं कलम 3(1)(ज) मध्ये गुन्हा आहे. इंग्रजी प्रतीत तेच 3(1)(h). बहुतेक प्रकरणं इथेच लंगडी पडतात: फिर्यादीत मजुराची जमात आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसल्याचा उल्लेखच राहून जातो. सही किंवा अंगठ्याआधी जबाब वाचून दाखवायला लावा, प्रत मोफत मिळते. ‘आधी चौकशी करू’ म्हणाले, तर कलम 18अ दाखवा. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही.

‘शेठशी मिटवून घ्या’ हा सल्ला हमखास येतो. ऐकू नका. हेल्पलाइन: मोफत वकिलासाठी 15100, अत्याचाराच्या तक्रारीसाठी 14566.