स्प्रिंग बदलल्यावर कर्र-कट् आवाज आणि गाडी पुरेशी खाली न बसणे: माझा अनुभव

गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी. गाडी ३० मिमी खाली बसवणाऱ्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगा टाकल्या, पण पुढून ती जेमतेम १८ मिमी उतरली. शिवाय बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या प्रत्येक गतिरोधकावर डावीकडून ‘कर्र-कट्’. लिंक रॉड बदलले, टॉप माउंट (शॉकअपच्या वरच्या बैठका) बदलले, स्प्रिंगा काढून परत बसवल्या. तीन रविवार वाया, बायकोचे टोमणे वेगळे.

दोष माझाच होता. लोअर आर्मचे (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बोल्ट मी चाकं हवेत लोंबकळत असताना आवळले होते. हे बोल्ट आर्मच्या बुशमधून, म्हणजे आत धातूची नळी असलेल्या रबरी सांध्यातून जातात. बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. बोल्ट आवळला की नळी त्याच कोनात अडकते. गाडी खाली आली की रबर पिळलेलं राहतं, गाडीला वर ढकलतं, कुरकुरतं आणि लवकर फाटतं.

मकरपुऱ्यात खड्डा असलेल्या गॅरेजात गाडी चारही चाकांवर उभी केली. खालून लोअर आर्मचे आतले बोल्ट आणि मागच्या बीमचे (मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईचे) बोल्ट, फक्त सैल होतील इतकेच फिरवले. मग सगळे खड्ड्याबाहेर. बॉनेट दाबून गाडी चार-पाचदा हलवली, हँडब्रेक सोडून थोडी पुढे-मागे ढकलली. तेव्हाच ‘टक्’ झालं आणि पुढचा भाग डोळ्यांदेखत खाली बसला. त्यानंतर एकेक बोल्ट काढून नवा घातला (हे ताणले जाणारे बोल्ट, जुने परत वापरू नयेत) आणि वजन चाकांवरच ठेवून मॅन्युअलमधल्या टॉर्कने (ठरवून दिलेल्या जोराने) आवळला. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) सगळ्यात शेवटी; आधी केलेली फुकट जाते, माझी गेलीच.

हब (चाकाचा मध्य) ते फेंडर (चाकावरचा पत्रा) हे अंतर आता मूळपेक्षा २९ मिमी कमी. आवाज बंद.